नदी जागची हलते, मग नकाशा नक्की कशाचा काढायचा?

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून नायसार उपग्रह गेला, इस्रो आणि नासा दोघांनी मिळून केलेला, आणि त्यानंतर "जमीन सेंटीमीटरभर हलली तरी वरून कळणार" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलं. त्यावर साधा प्रश्न पडतो की पृथ्वीचे नकाशे तर कधीचेच काढून झालेत, फोनमध्ये सगळं जग आहे, मग अजून मोजायचं काय शिल्लक राहिलंय?

बरंच शिल्लक आहे. आणि ते का शिल्लक आहे हे समजून घ्यायला डोंगरदऱ्यांपेक्षा एखादी सपाट, चिखलाची, कंटाळवाणी वाटणारी जागा घेतलेली बरी, म्हणून आपण अमेरिकेच्या अलास्का राज्यातली कोयुकुक नदी घेऊ. ही उत्तरेला ब्रूक्स पर्वतरांगेत, आर्क्टिक वृत्ताच्या वर उगम पावते, जवळपास ७०० किमी वाहत येते आणि युकॉन या मोठ्या नदीला मिळते. खालच्या टप्प्यात ती अशी काही वळणं घेते की नकाशावर कोणीतरी दोरीचा गुंता टाकल्यासारखं दिसतं, आणि त्या गुंत्याच्या दोन्ही बाजूंना हजारो तळी, दलदल, बुटकी झाडं. या पाणथळ भागाचा मोठा तुकडा १९८० पासून राखीव अभयारण्य आहे, साधारण १४,००० चौरस किमीचा. रस्ता नाही. जायचं तर छोट्या विमानाने, उन्हाळ्यात बोटीने, हिवाळ्यात बर्फावरच्या स्कूटरने.

आधी कुठल्या नकाशाबद्दल बोलतोय ते बघू

फोनमधला नकाशा सांगतो की कुठली गोष्ट कुठे आहे. आपण बोलतोय तो स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे ज्यात जागेबरोबर उंचीही असते. शाळेत टोपोशीट म्हणून दाखवतात तो. उंची दाखवायची जुनी युक्ती म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या सगळ्या ठिकाणांना जोडणारी रेषा. एका मोठ्या परातीत मातीचा ढीग करा, बोटभर पाणी ओता, पाण्याची कड जिथे मातीला लागते तिथे रेघ मारा, अजून बोटभर ओता, परत रेघ मारा, आणि वरून बघा, झाली तुमची समोच्च रेषा. रेघा दाट असल्या की चढ उभा, विरळ असल्या की जमीन सपाट.

ही युक्ती डोंगरात झकास चालते. सपाट जागेत ती हात टेकते, ते पुढे येईलच.

नदी सरळ का जात नाही

याचं सगळ्यात सोपं उत्तर आइन्स्टाइनने दिलंय, हो तोच, १९२६ साली त्याने नद्यांच्या वळणांवर एक छोटा लेख लिहिला होता. त्याने चहाचा कप घेतला. चहा ढवळला की तळाची पत्ती खरं तर बाहेर फेकली जायला हवी, पण ती मधोमध गोळा होते. कारण तळाशी घर्षणामुळे पाणी हळू फिरतं, वरचं जोरात फिरतं, त्यामुळे वरचं पाणी बाहेरच्या कडेला जातं, तिथून खाली उतरतं आणि तळावरून आत येतं, येताना पत्ती घेऊन येतं.

नदीच्या वळणावर हेच होतं. बाहेरच्या काठावर पाणी जोरात आदळतं आणि काठ कोरतं, तळाचं पाणी ती माती-वाळू घेऊन आतल्या बाजूला सरकतं आणि तिथे गाळ टाकतं. म्हणजे एक काठ खाल्ला जातो, दुसरा वाढतो, आणि सगळं वळण हळूहळू बाहेर सरकतं. वळण फुगत फुगत गेलं की दोन टोकं जवळ येतात, मधे जमिनीची चिंचोळी मान उरते, आणि एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघून जाते. मागे राहतं ते नालाकृती सरोवर, घोड्याच्या नालेच्या आकाराचं तळं. कोयुकुकच्या दोन्ही अंगांना अशी तळी जुन्या वळणांच्या खुणा म्हणून पसरलेली आहेत आणि त्यांच्या मधे वाळूचे वाकडे वाकडे उंचवटे, एकामागे एक, नदी कधी कुठे होती त्याची वहीच म्हणा.

मान तुटली की नदीची लांबी एका रात्रीत काही किलोमीटरने कमी होते. म्हणजे नदीची लांबी किती, या प्रश्नालाही कधी मोजली आणि किती बारकाईने मोजली हे विचारल्याशिवाय अर्थ नाही, कारण मोठ्या फुटपट्टीने मोजली की छोटी वळणं गिळली जातात.

सपाट म्हणजे किती सपाट?

कोयुकुक जिथे युकॉनला मिळते त्याच्या जवळ, युकॉनच्या काठावर, गलीना नावाचं गाव आहे. तिथून समुद्र नदीच्या वाटेने ८०० किमीहून जास्त लांब, आणि गावाची समुद्रसपाटीपासून उंची ५० मीटरच्या आत. भागाकार करा. किलोमीटरमागे सरासरी पाच-सहा सेंटीमीटर उतार. म्हणजे एक किलोमीटर चाललात आणि हाताच्या बोटाएवढे खाली आलात.

आता अलास्काचे जुने टोपोशीट काढू. त्यांचं प्रमाण १:६३,३६० होतं, आकडा विचित्र वाटतो पण एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणजे कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल, एवढाच हिशोब. त्यातल्या बऱ्याच शीटवर दोन समोच्च रेषांमधलं अंतर ५० किंवा १०० फूट. शंभर फूट म्हणजे तीस मीटर. आणि या पाणथळीत जे काही महत्त्वाचं घडतं, कुठलं तळं नदीशी जोडलेलं आहे, पुराचं पाणी कुठून शिरतं, कुठे कोरडं राहतं, ते सगळं दोन-चार मीटरच्या, कधी अर्ध्या मीटरच्या फरकावर ठरतं. त्यामुळे शीटवर काय दिसतं? निळी तळी, नदीचा गुंता, दलदलीच्या खुणा, आणि समोच्च रेषा जवळपास नाहीतच. बघणाऱ्याला वाटतं इथे उंचसखल काही नाही. आहे, फक्त त्या फणीच्या दातांमधून ते निसटलंय.

मोजलं कोणी, कसं

१८८५ मध्ये हेन्री अ‍ॅलन नावाचा अमेरिकी लष्करातला लेफ्टनंट कॉपर, टनाना आणि कोयुकुक अशा तीन नद्यांचा प्रदेश एका मोसमात पालथा घालून गेला, आणि कोयुकुकचा बाहेरच्या जगाला उपयोगी पडेल असा नकाशा तिथून सुरू झाला. १८९९ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या श्रेडरची तुकडी याच नदीवर आली. ही मंडळी नदीतून जाताना दिशा आणि अंतर टिपायची, त्यामुळे नदी बऱ्यापैकी यायची, पण काठापासून दोन किलोमीटर आत काय आहे ते बहुतेक कोरं. तिथल्या मूळच्या कोयुकॉन लोकांना अर्थातच ते माहीत होतं, प्रत्येक फाट्याला, तळ्याला नाव होतं, फक्त ते कागदावर नव्हतं.

मोठा बदल झाला तो विमानातून काढलेल्या फोटोंनी. एकाच जागेचे थोड्या अंतरावरून दोन फोटो घ्यायचे, मग आपले दोन डोळे जसे खोली ओळखतात तसं यंत्रावर उंची काढायची. बरेचसे जुने शीट १९५० च्या दशकात असेच बनले. पण फोटोला उजेड लागतो, ढग नकोत, आणि जमीन दिसायला हवी, वर झाडं असतील तर त्यांचे शेंडेच मोजले जातात.

हे काम पुढे इतकं मागे पडलं की मंगळाचा नकाशा अलास्कापेक्षा चांगला आहे असं त्या क्षेत्रातले लोक उघड म्हणायचे, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. मग २०१० पासून दहाएक वर्षं विमानातून रडार फिरवून अख्खं राज्य नव्याने मोजलं गेलं. रडार स्वतःचाच टॉर्च घेऊन जातं, त्यामुळे अंधार, ढग काही अडत नाही. दोन अँटेना एकाच लहरीची परत येणारी उसळी ऐकतात, दोघींना ती किंचित वेगवेगळ्या वेळी ऐकू येते आणि त्या फरकावरून उंची निघते. दर पाच मीटरला एक उंची. आधीच्या डिजिटल आकड्यांमध्ये हे अंतर साधारण ६० मीटर होतं, तेव्हा केवढी उडी ते बघा. नवे शीट १:२५,००० प्रमाणाचे झाले, ११,००० च्या वर.

शिवाय उपग्रहांच्या जोडफोटोंवरून मिनेसोटा विद्यापीठाच्या ध्रुवीय केंद्राने आर्क्टिकडेम नावाचा उंचीचा साठा केला, दर दोन मीटरला एक आकडा, अलास्काचा भाग २०१६ मध्ये सगळ्यांना फुकट खुला झाला. इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे.

पण "जमीन" कुठे सुरू होते?

मला या सगळ्या विषयात हा प्रश्न सगळ्यात भारी वाटतो, आणि बातम्यांमध्ये तो कधीच येत नाही.

डोंगरात खडक लागला की जमीन. इथे वरून खाली येताना आधी स्प्रूस नावाच्या बुटक्या झाडांचे शेंडे, मग झुडपं, मग गवताचे गुडघाभर गठ्ठे, मग शेवाळाची गादी, जिच्यावर पाय ठेवला की फसकन खाली जातो, मग ओलं कुजकं, आणि त्याखाली कुठे कुठे पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली माती. यातली जमीन कुठली? छोट्या लहरीचं रडार झाडाच्या शेंड्यांवरून परत येतं, लांब लहरीचं पानं-फांद्या ओलांडून खाली पोचतं, म्हणून विमानातल्या मोजणीत दोन्ही वापरली. पण गादीच्या वर थांबायचं की खाली, हे लहर ठरवते, आपण नाही. काही तळ्यांच्या कडेला तर वनस्पतींची जाळी पाण्यावर तरंगत असते, रडार म्हणतं जमीन, पाय म्हणतो पाणी.

मग काठाचं काय? नकाशावर निळा रंग कुठे संपवायचा? मे महिन्यात बर्फ फुटतं तेव्हा पाणी काठाबाहेर असतं, ऑगस्टमध्ये त्याच जागी रुंद वाळूचे पट्टे उघडे पडतात, ऑक्टोबरमध्ये सगळं गोठायला लागतं आणि मग सहा-सात महिने नदी हाच तिथला रस्ता असतो. तीन महिन्यांत तीन नकाशे आणि तिन्ही खरे. नकाशावाले शेवटी एक नियम धरतात, उदाहरणार्थ जिथून कायमची झाडी सुरू होते तो काठ, पण तो माणसाने ठरवलेला नियम आहे.

पाणी तर अजूनच अवघड. शांत पाण्यावर तिरकं रडार आरशासारखं दुसरीकडे निघून जातं, परत येतच नाही, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं आणि तिथले उंचीचे आकडे भरवशाचे नसतात, ते नंतर बसून सपाट करावे लागतात. आणि पाण्याखालचा तळ यातल्या कशातच नाही. नदीचा नकाशा म्हणतो आपण, पण नदीचं पात्र किती खोल हे त्यात नसतंच.

उंचीतही एक गोम आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती गोळ्यापासून, पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. म्हणजे कच्चे जीपीएस आकडे घेतले तर पाणी चढावर वाहतंय असंही दिसू शकतं. किलोमीटरमागे पाच-सहा सेंटीमीटरच्या उतारात ही चूक परवडत नाही, म्हणून गुरुत्वमापक बसवलेली विमानं अलास्कावर वेगळी फिरवावी लागली.

अहो पण गूगल मॅप्सवर दिसतं की सगळं

दिसतं. फोटो आहे तो. फोटोत तुम्हाला कळतं तळं कुठे आहे, पण त्या तळ्याचं पाणी नदीपेक्षा वर आहे की खाली हे कळत नाही, आणि पूर आल्यावर तेवढंच विचारायचं असतं. शिवाय तो फोटो कुठल्या वर्षीचा, कुठल्या महिन्यातला हे आपण कधी बघत नाही, आणि शेजारी शेजारी चिकटवलेले दोन तुकडे वेगळ्या वर्षांचे असले तर सांध्यावर नदी तुटलेली दिसते.

मग ड्रोन उडवा, लेझर लावा

लेझरने उंची मोजणं, ज्याला लायडार म्हणतात, हे खरंच जास्त अचूक आहे, झाडांच्या फटींतून काही किरणं खाली पोचतात आणि अर्ध्या मीटरचे ते वाळूचे उंचवटे लख्ख दिसतात. गावाभोवती, विमानाच्या धावपट्टीभोवती ते करतातही. पण हजारो चौरस किमी पाणथळीवर लायडारचं विमान खाली आणि हळू उडवायचं, इंधन दुसऱ्या विमानाने आणायचं, हवा चांगली मिळायची वाट बघत बसायचं, खर्च कुठल्या कुठे जातो. ड्रोन तर अशा पसाऱ्यात काहीच नाही, एखाद्या वळणापुरता ठीक. आणि पाण्याखालचा तळ मोजायला हिरवं लेझर वापरतात, पण गढूळ पाण्यात तेही तळापर्यंत जात नाही.

तिथे राहतंय तरी कोण?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि थोडा रागही येतो. कोयुकुकच्या काठावर हुस्लिया नावाचं गाव आहे, कोयुकॉन लोकांचं, काहीशे वस्तीचं. हे गाव आधी काही किलोमीटरवर होतं आणि त्या जुन्या जागेचं नाव होतं कटऑफ, म्हणजे तुटलेलं वळण! वारंवार पूर आणि दलदल, म्हणून १९४९ मध्ये लोक जरा उंचावरच्या जागी आले. आता नव्या जागेचाही काठ नदी खातेय. इथे जागा निवडताना जो प्रश्न होता तो शुद्ध स्थलनिर्देशक नकाशाचा होता, कुठली जमीन दोन मीटर वर आहे आणि नदी कुठल्या दिशेला सरकतेय, फक्त त्याचं उत्तर लोकांनी अनुभवावरून काढलं.

गलीनाचं सांगतो. मे २०१३ मध्ये युकॉनवर खालच्या अंगाला बर्फाचे तुकडे अडकून बांधच तयार झाला, पाणी मागे तुंबलं आणि गाव पाण्यात गेलं, बहुतेक लोकांना हलवावं लागलं. अशा पुरात किती पाऊस पडला याला अर्थ नसतो, बर्फ कुठे अडकलं आणि तिथून मागे जमीन किती सपाट आहे यावर सगळं अवलंबून. एवढ्या कमी उतारावर पाणी दोन-चार मीटर तुंबलं की ते मागे किती लांब पसरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि परिणाम गावापुरते राहत नाहीत. नदी जेव्हा गोठलेला काठ कोरते तेव्हा हजारो वर्षं आत अडकलेला कार्बन बाहेर पडतो, आणि पाराही. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हुस्लिया आणि युकॉनवरच्या बीव्हर गावाजवळच्या काठांतून मातीचे नमुने घेतले होते, आणि पारा किती हलतोय हे काढायला नदी किती वेगाने सरकतेय हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं होतं. म्हणजे जुन्या-नव्या काठाच्या दोन रेघांमधलं अंतर हा नुसता भूगोल नाही, तिथले मासे खाणाऱ्या माणसांचा प्रश्न आहे.

तळीही जागेवर राहत नाहीत. खालचं बर्फ वितळलं की जमीन खचून नवं तळं होतं, किंवा असलेल्या तळ्याची कड फुटते. सीमेपलीकडे कॅनडात ओल्ड क्रो फ्लॅट्स ही अशीच पाणथळ आहे, तिथल्या झेल्मा नावाच्या तळ्याचं बहुतेक पाणी जून २००७ मध्ये वाहून गेलं. नकाशात तळं, जागेवर चिखल.

मग नायसार काय करणार, आणि काय नाही

एक गैरसमज आधी काढू. नायसार उंचीचे नवे नकाशे काढायला मुख्यतः गेलेला नाही. त्याचं काम बदल पकडणं. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो, आधीची लहर आणि आताची लहर ताडून बघतो आणि जमीन किती खचली वा उचलली ते सांगतो. पर्माफ्रॉस्ट वितळून जमीन बसतेय का, हे यात छान कळतं.

पाणथळीसाठी मात्र त्याची एक खास मजा आहे. त्यातल्या एका रडारची लहर २४ सेंटीमीटर लांब, ती पानांना जुमानत नाही. उघडं पाणी काळं दिसतं हे वर आलंच, पण झाडांखाली पाणी साचलं असेल तर लहर आधी पाण्यावर आपटते, मग खोडावर, आणि सरळ उपग्रहाकडे परत येते, म्हणून पाण्यात उभं असलेलं रान चित्रात झगमगतं. फोटोत जे कधीच दिसलं नसतं ते, झाडांखालचा पूर, दर बारा दिवसांनी.

पाण्याची पातळी मोजायला दुसरा उपग्रह आहे, स्वॉट, डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला, नासा आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा. तो १०० मीटरपेक्षा रुंद नद्या आणि २५० मीटर बाय २५० मीटरपेक्षा मोठी तळी बघतो. कोयुकुकचा खालचा भाग यात बसतो, पण दोन तळ्यांना जोडणारे ते बारके फाटे, ज्यातून पाणी खरं आतबाहेर करतं, ते बसत नाहीत.

त्यामुळे सगळं एकावर एक ठेवावं लागतं, आणि तिथेच सध्याची मोठी कटकट आहे. अलास्कातल्या नद्यांच्या निळ्या रेघा अनेक वर्षं त्या १९५० च्या दशकातल्या शीटवरूनच उचललेल्या होत्या. त्या रेघा नव्या रडारच्या उंचीवर ठेवल्या तेव्हा कुठे नदी शेजारच्या टेकाडावरून चाललेली, कुठे चढावर वाहणारी, कुठे रेघ एकीकडे आणि पात्र दुसरीकडे. काही ठिकाणी जुनी मोजणी चुकलेली होती, काही ठिकाणी मोजणी बरोबर होती आणि नदीच गेली होती, आणि कागदावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. म्हणून आता उलट्या बाजूने काम चालू आहे, आधी नवी उंची घ्यायची, पाणी कुठून उतरेल ते त्यातून काढायचं, आणि निळी रेघ नव्याने ओढायची, एकेक खोरं करत. कोयुकुकसारख्या ठिकाणी त्या रेघेच्या बाजूला वर्षही लिहावं लागतं.